रात्रीच्या आकाशातले सोबती: सुरुवातीच्या ऑनलाइन हवाई लढायांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कॉम्बॅट फ्लाइट सिम्युलेटर, म्हणजे संगणकावर लढाऊ विमान उडवायचे खेळ, खेळणारी जुनी मंडळी वीस-पंचवीस वर्षांनंतरही एकमेकांना का शोधत असतात, असं नवे खेळाडू विचारतात. जुन्यांचे प्रश्न वेगळेच असतात: अमुक खेळ अजून चालतो का, तमुक विमानाची खिडकी सुधारली का, जुनी रेकॉर्डिंग कशी उघडायची. दोघांच्या प्रश्नांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत. मी स्वतः पुण्यातून आयएल-२ या खेळाच्या काळात या आकाशात आलो. त्याआधीच्या एअर वॉरियर आणि वॉरबर्ड्‌सच्या गोष्टी मी ते खेळ खेळलेल्या सोबत्यांकडून ऐकल्या, बहुतेक वेळा उंची गाठण्यासाठी विमान चढत असताना.

‘सुरुवातीचा काळ’ म्हणजे नेमका कोणता?

ढोबळमानाने १९८८ ते २००६. एका टोकाला एअर वॉरियर आणि दुसऱ्या टोकाला आयएल-२ मालिकेचा ‘१९४६’ हा मोठा संच. मध्ये वॉरबर्ड्‌स, फायटर एस, फाल्कन ४.०, एसेस हाय, वर्ल्ड वॉर टू ऑनलाइन. त्याच्याही आधी सिलिकॉन ग्राफिक्सच्या महागड्या वर्कस्टेशनवर नेटवर्कमधून खेळायचा ‘डॉगफाइट’ होता, आणि १९८७ च्या फाल्कनमध्ये दोन संगणक वायरने जोडून दोघांना समोरासमोर लढता यायचं. पण तिथे समोरचा माणूस आधीपासून ओळखीचा असायचा, बहुधा त्याच खोलीत बसलेला. अनोळखी माणसं एका आकाशात रोज भेटू लागली ती एअर वॉरियरपासून.

हे सुरू कोणी केलं?

अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यात शार्लट्सव्हिल नावाचं विद्यापीठाचं गाव आहे. तिथल्या केल्टन फ्लिन आणि जॉन टेलर या दोघांनी केस्माई ही कंपनी काढली. १९८५ मध्ये त्यांचा ‘आयलंड ऑफ केस्माई’ हा अक्षरांनी चित्र दाखवणारा साहसी खेळ कॉम्प्युसर्व्ह या ऑनलाइन सेवेवर आला होता. पाठोपाठ १९८८ मध्ये जीनी या दुसऱ्या ऑनलाइन सेवेवर एअर वॉरियर आला, आधी मॅकिंटॉशवर, मग अमिगा, अटारी एसटी आणि पीसीवर.

जीनीची गोष्ट सांगण्यासारखी आहे. ही जनरल इलेक्ट्रिकची सेवा. दिवसा मोठमोठ्या कंपन्या तिचे संगणक वेळेच्या हिशोबाने भाड्याने घेत आणि रात्री ती यंत्रं रिकामी पडून राहत. त्या रिकाम्या वेळेचं काहीतरी करावं म्हणून घरगुती ग्राहकांसाठी संध्याकाळनंतरचा स्वस्त दर ठेवला गेला. म्हणजे या छंदाला रात्रीची सवय लागली ती व्यवहारातून. ती पुढे कधी सुटली नाही.

इतक्या मंद मोडेमवर विमानं उडायची तरी कशी?

२४०० बॉडच्या मोडेममधून सेकंदाला जेमतेम २४० अक्षरं जायची. एवढ्यात चित्र पाठवणं अशक्य. म्हणून चित्र प्रत्येकाचा संगणक स्वतःच काढायचा आणि तारेवरून फक्त आकडे यायचे: हे विमान इथे आहे, या वेगाने या दिशेला चाललंय. पुढचा निरोप येईपर्यंत तुमचा संगणक ते विमान त्याच वाटेने पुढे सरकवत राहायचा. अंदाज बरोबर आला तर सगळं गुळगुळीत. समोरच्याने मध्येच वळण घेतलं असेल तर नवा निरोप येताच त्याचं विमान एका जागेवरून उडी मारून दुसरीकडे दिसायचं. याला सगळे ‘वॉर्प’ म्हणायचे.

याचा एक परिणाम फार कमी लोकांच्या लक्षात येतो. एकाच लढाईची दोन चित्रं असायची आणि दोन्ही आपापल्या जागी खरी. माझ्या पडद्यावर मी तुझ्या शेपटीला चिकटलेलो, तुझ्या पडद्यावर तू केव्हाच वळून निसटलेला. तरीही माझ्या गोळ्या तुला लागायच्या, आणि तुला वाटायचं की हा लबाडी करतोय. हजारो मैलांवरच्या अनोळखी माणसाच्या प्रामाणिकपणावर विश्वास ठेवल्याशिवाय हा खेळ चालूच शकत नव्हता. तो विश्वास बसायला त्या माणसाची ओळख असावी लागायची, आणि ओळख व्हायला वेळ. तो वेळ कुठून यायचा हे पुढे येतंच.

पैसे किती जायचे?

पुष्कळ. जीनीवर तासाच्या हिशोबाने आकारणी व्हायची. १९९३ मध्ये दर बदलले तेव्हा संध्याकाळनंतरचा दर तासाला ३ डॉलरवर आला आणि लोकांना हायसं वाटलं, यावरून आधीच्या बिलांची कल्पना करा. १९९५ च्या सुमाराला आलेल्या वॉरबर्ड्‌सने इंटरनेटवरून तासाला २ डॉलर घेतले. १९९६ च्या डिसेंबरमध्ये एओएल या अमेरिकी इंटरनेट सेवेने महिन्याला १९.९५ डॉलरमध्ये हवं तेवढं वापरा अशी योजना आणली आणि एअर वॉरियरच्या आकाशात एकदम गर्दी झाली. एसेस हायचा १४.९५ डॉलर महिना पुढे बरीच वर्षं टिकला.

तासाला पैसे मोजणारा माणूस आकाशात उगाच हुंदडत नाही. तो वेळेवर येतो, ठरल्या ठिकाणी येतो आणि शब्द पाळतो. जुन्या स्क्वाड्रनांची (एकत्र उडणाऱ्या खेळाडूंच्या गटांची) शिस्त काही अंशी या बिलातून आली असं मला वाटतं.

मग मैत्री नेमकी कशी जमायची? गोळ्या झाडताना कोण बोलतं?

गोळ्या झाडताना कुणीच बोलत नाही. हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा विचारला गेलाय आणि त्याचं उत्तर लढाईच्या बाहेर आहे.

दुसऱ्या महायुद्धातलं विमान जमिनीवरून उठतं आणि मग चढत राहतं. मेसरश्मिट १०९ सारख्या चपळ लढाऊ विमानालाही सहा हजार मीटरवर पोचायला सहा-सात मिनिटं लागतात. बॉम्बने भरलेल्या बी-१७ ला वीस हजार फुटांसाठी अर्ध्या तासाहून जास्त वेळ लागतो. हे खेळ खऱ्या विमानांच्या आकड्यांवर बेतलेले होते, त्यामुळे घाई करायची सोयच नव्हती. तासाभराच्या बैठकीत प्रत्यक्ष झुंज दोन-चार मिनिटांची. बाकीचा वेळ इंजिनाची घरघर, उजवीकडे सोबत्याचं विमान, खाली ढग, आणि गप्पा.

त्या गप्पांत सगळं यायचं. मुलीची परीक्षा, गेलेली नोकरी, गुडघ्याचं ऑपरेशन, बर्फात अडकलेली गाडी. कुणाचं लग्न मोडत होतं ते आम्हाला त्याच्या शेजाऱ्यांआधी कळलं. समोर चेहरा नाही, वय नाही, हुद्दा नाही. आणि हाताला काम आहे, नजर आकाशावर आहे, त्यामुळे मधली शांतता कुणाला खटकत नाही. पायी वारीला निघालेली माणसं चालता चालता जशी मोकळी होतात, तसंच हे होतं. समोरासमोर बसवलं असतं तर यातलं निम्मंही कुणी बोललं नसतं.

बॉम्बफेकी विमानात तर एकाच विमानात अनेकजण बसायचे. एअर वॉरियरमध्ये तुम्ही दुसऱ्याच्या बी-१७ मध्ये बंदुकीवर बसू शकत होता. आयएल-२ मध्येही मित्राच्या विमानात मागच्या तोफची म्हणून जाता यायचं. तासभर मागे तोंड करून बसायचं, रिकामं आकाश न्याहाळायचं आणि वैमानिकावर भरवसा ठेवायचा. नवख्या माणसाला स्क्वाड्रनमध्ये आधी तिथेच बसवत. तिथे कंटाळला नाही तो पुढे टिकायचा.

पुढच्या काळात खेळ वेगवान झाले. थेट हवेतच विमान मिळू लागलं, मेलात की पाच सेकंदांत नवं. त्यांचा आनंद वेगळा आहे, मी तो नाकारत नाही. पण त्यांनी चढाईचा वेळ काढून टाकला आणि गप्पाही त्याच्याबरोबर गेल्या.

विंगमन म्हणजे काय? त्याचं एवढं कौतुक का?

जोडीतला दुसरा वैमानिक. पुढचा शिकार शोधतो, मागचा पुढच्याची पाठ राखतो. स्पेनच्या यादवी युद्धात वेर्नर म्योल्डर्स या जर्मन वैमानिकाने दोन-दोनच्या जोड्या आणि चार बोटांच्या टोकांसारखी चार विमानांची रचना रुळवली, आणि पुढे जवळजवळ सगळ्या हवाई दलांनी ती उचलली. १९४२ मध्ये मिडवेच्या लढाईत जॉन थॅच या अमेरिकन अधिकाऱ्याने जपानी झिरो विमानांविरुद्ध एक युक्ती वापरली. दोन संथ विमानं एकमेकांकडे वळत, एकमेकांना ओलांडत उडत राहतात. एकाच्या मागे लागलेला शत्रू आपोआप दुसऱ्याच्या बंदुकीसमोर येतो.

हे पुस्तकात वाचून कळतं, पण अंगात मुरत नाही. थॅचची ही वीण जमायला सोबती कधी वळणार हे त्याने सांगण्याआधी कळावं लागतं. माझा पहिला पक्का जोडीदार फिनलंडचा होता, माझ्याहून वयाने बराच मोठा. इंग्रजी आम्हा दोघांचंही कामापुरतं. त्याच्या विमानाचा पंख किंचित कलला की तो आता खाली झेपावणार हे मला समजायचं. सात-आठ महिन्यांनी आम्हाला बोलावंही लागेना. त्याला मी आजवर प्रत्यक्ष भेटलेलो नाही, आणि तरी माणूस ओळखायचा म्हणजे काय याचं पहिलं उदाहरण म्हणून मला तोच आठवतो.

टोपणनावं एवढी महत्त्वाची का होती?

कारण तुमची पत त्या नावावर होती. वॉरबर्ड्‌समध्ये तर मोजक्याच अक्षरांचं नाव घेता यायचं आणि तेच वर्षानुवर्षं राहायचं. रोज तीच दोन-तीनशे माणसं असली की कोण सरळ खेळतो, कोण पळपुटा, कोण नवख्याला शिकवतो, हे सगळ्यांना माहीत असतं. वॉरबर्ड्‌सचे एक निर्माते डेल अॅडिंक यांनी पुढे २००० मध्ये एसेस हाय आणला, तेव्हा त्यांच्या ‘हायटेक’ या टोपणनावावरूनच कंपनीचं नाव पडलं: हायटेक क्रिएशन्स. निर्माताही संध्याकाळी इतरांसारखाच आकाशात यायचा आणि पडायचा.

शत्रूशीही दोस्ती व्हायची म्हणतात, ते खरं का?

शत्रूशीच जास्त व्हायची. तुम्हाला रोज पाडणारा माणूस तुमचा सर्वात चांगला शिक्षक असतो. चांगली झुंज झाली की हरलेला आधी एक अक्षर टाईप करायचा, ‘एस’ आणि पुढे उद्गारचिन्ह. सलाम. जिंकणारा तोच परत पाठवायचा. बस, एवढंच. लगेच मनातला कडवटपणा निवळायचा. त्यानंतर बरेचदा विचारणा व्हायची, “मी कुठे चुकलो?” आणि पाडणारा सविस्तर सांगायचा: तू वळणात वेग घालवलास, वर जायला हवं होतंस, सूर्य तुझ्या पाठीशी होता त्याचा उपयोग केला नाहीस.

पुढे एखाद्या मोहिमेत तोच माणूस तुमच्या बाजूने उडायचा. काल ज्याच्या डावपेचांना घाबरलो तेच आज आपल्या बाजूला. त्याचा आनंद शब्दांत सांगता येत नाही.

काय केलेलं चालत नसे?

लिहून ठेवलेले नियम थोडे, पण समज पक्की होती.

हवाई छत्रीने उतरणाऱ्या वैमानिकावर गोळ्या झाडणं सगळ्यात वाईट. त्यात माझं मत आजही बदललेलं नाही. खेळात त्या माणसाला काही होत नाही हे खरं, पण झाडणारा कसा आहे ते सगळ्यांना कळतं.

धावपट्टीवरून नुकतंच उठणारं विमान वरून टिपण्याला ‘व्हल्चिंग’ म्हणत. यावर भांडणं कधी संपली नाहीत. ठरवून केलेल्या मोहिमेत ते योग्यच, कारण विमानतळ निकामी करणं हाच उद्देश असतो. रोजच्या मोकळ्या खेळात गुण वाढवायला कोणी तेच करत बसला तर लोक त्याच्याशी बोलणं सोडायचे. दुसऱ्याने जर्जर केलेलं विमान शेवटच्या क्षणी येऊन पाडणं आणि समोरासमोर बंदुका रोखून थेट अंगावर जाणं, ही दोन्ही हलकी कामं समजली जात.

तीन-तीन, चार-चार देश कशाला असायचे?

दोन देश असले की जिंकणाऱ्याकडे लोक जातात आणि दुसरी बाजू रिकामी होते. तीन असले की दोन दुबळे मिळून बलवानाला आवरतात. एअर वॉरियरमध्ये ए, बी आणि सी अशी तीन राष्ट्रं होती, वॉरबर्ड्‌समध्ये लाल, सोनेरी, हिरवं आणि जांभळं अशी चार, एसेस हायमध्ये बुद्धिबळातल्या सोंगट्यांच्या नावाची तीन. या काल्पनिक देशांवर लोकांनी खरोखर माया केली. आपला देश हरत असतानाही सोडून न जाणाऱ्यांना मान होता.

मोठ्या मोहिमा म्हणजे काय असायचं?

एखादी ऐतिहासिक लढाई घ्यायची, दोन्ही बाजूंना सेनापती नेमायचे, स्क्वाड्रनांना जबाबदाऱ्या वाटायच्या आणि ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी शेकडो मैलांच्या नकाशावर ती लढायची. बहुतेक वेळा एकच जीव. विमान पडलं की त्या दिवसापुरते तुम्ही प्रेक्षक. त्या एका अटीने माणसाचं वागणं पार बदलायचं. रोज बेधडक घुसणारा मोहिमेत सोबत्याला धरून राहायचा, इंधन मोजायचा, वेळेवर माघार घ्यायचा.

आयएल-२ च्या काळात हे आणखी वाढलं. ‘व्हर्च्युअल ईस्टर्न फ्रंट’ किंवा ‘स्कॉर्च्ड अर्थ’ यांसारख्या व्यवस्थांत आज उद्ध्वस्त झालेला पूल, संपलेलं इंधन, गमावलेली विमानं उद्याच्या लढाईत तशीच धरली जायची. हे सगळं खेळाडूंनी फावल्या वेळात, विनामोबदला उभं केलं होतं. प्रोग्राम लिहिणारे, नकाशे आखणारे, इतिहासाची जुनी कागदपत्रं चाळून कोणत्या दिवशी कोणत्या तळावर किती विमानं होती हे शोधणारे. त्यांची नावं खेळाच्या कुठल्या डब्यावर छापली गेली नाहीत, म्हणून इथे त्यांचा उल्लेख आवर्जून करतोय.

भारतातून, महाराष्ट्रातून कोणी खेळायचं का?

खेळायचे, पण थोडे, आणि उशिरा आले. आपल्याकडे सर्वसामान्यांसाठी इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ ला सुरू झालं. तेव्हाच्या डायल-अपवर आणि त्या दरात एअर वॉरियर किंवा वॉरबर्ड्‌सचा विचारही परवडणारा नव्हता, शिवाय परदेशी सेवेला पैसे भरायला कार्ड कुणाकडे होतं? आमच्यापैकी बहुतेकांनी आधी संगणकाविरुद्धच विमानं उडवली. सायबर कॅफेत सगळे काउंटर-स्ट्राइक खेळत असायचे आणि जॉयस्टिक तिथे नसायचीच. ती घ्यायला मुंबईत लॅमिंग्टन रोडला जायचं, दहा दुकानं फिरायची आणि जी मिळेल ती घ्यायची.

२००५ मध्ये घरगुती ब्रॉडबँड आलं आणि दार उघडलं. तेव्हा महिन्याची डेटामर्यादा जपून वापरावी लागे, पण बीएसएनएलच्या काही योजनांत रात्री २ ते सकाळी ८ डाउनलोड मोजत नसत. योगायोग बघा: आपल्याकडे रात्रीचे दोन वाजतात तेव्हा इंग्लंडमध्ये संध्याकाळ संपत आलेली असते, आणि आपली पहाट होते तेव्हा अमेरिकेत जेवणं उरकून माणसं जॉयस्टिक हातात घेतात. म्हणजे आकाश भरलेलं असण्याची वेळ आणि आपली मोफत वेळ एकच. गजर लावून उठायचं, दार लोटून घ्यायचं, हेडफोन घालायचा आणि कुजबुजत्या आवाजात रेडिओवर बोलायचं. माझे युरोपातले सोबती मला बरेच दिवस फार शांत स्वभावाचा समजत होते. घरात सगळे झोपलेत, हे त्यांना नंतर कळलं.

पिंग, म्हणजे निरोप सर्व्हरला जाऊन परत यायला लागणारा वेळ, तीनशे मिलिसेकंदांच्या आसपास. काही सर्व्हर तेवढ्यावर बाहेर काढायचे, काही समजून घ्यायचे. मध्येच वीज गेली की माझं विमान हवेतून नाहीसं व्हायचं. महाराष्ट्रातल्या त्या वर्षांच्या भारनियमनाचं वेळापत्रक मी स्क्वाड्रनच्या कप्तानाला पाठवून ठेवलं होतं, आणि तो मोहीम आखताना ते बघायचा. ही गोष्ट मी कधी विसरणार नाही.

आयएल-२ चं एवढं काय?

मॉस्कोच्या ओलेग मॅडॉक्स यांच्या चमूने २००१ च्या नोव्हेंबरमध्ये तो आणला, तोवर पूर्व आघाडीकडे या खेळांचं फारसं लक्षच गेलं नव्हतं. तपशील अचंबित करणारा. पण ऑनलाइन मंडळींसाठी मोठी गोष्ट ही की महिन्याचं शुल्क नव्हतं. डबा एकदा विकत घ्या, मग कोणाच्याही सर्व्हरवर जा. हायपरलॉबी नावाचा एक छोटा मोफत प्रोग्राम होता, एका चेक माणसाने एकट्याने बनवलेला. तो उघडला की कोणत्या सर्व्हरवर कोण आहे ते दिसायचं. ‘वॉरक्लाउड्‌स’, ‘स्पिट्‌स व्हर्सेस १०९’, ‘झीक्स व्हर्सेस वाइल्डकॅट्‌स’ ही नावं वाचून आजही कुणाच्या तरी छातीत धडधड होईल. यादीत ओळखीचं नाव दिसलं की आज रात्र चांगली जाणार.

आवाज आल्यावर काय बदललं?

टाईप करताना हात जॉयस्टिकवरून निघायचा, म्हणून आधी वाक्यं तुटक असायची. १९९९ मध्ये रॉजर विल्को हा आवाजी गप्पांचा प्रोग्राम आला, त्यामागून टीमस्पीक आणि व्हेंट्रिलो. मग मागे कुत्रा भुंकलेला, बाळ रडलेलं, किटली वाजलेली ऐकू येऊ लागली. टोपणनावामागे घर आहे हे तेव्हा समजलं.

विमानांवरून एवढे वाद का व्हायचे?

कारण लोकांना खरंच फरक पडायचा. फॉके-वुल्फ १९० या जर्मन विमानाच्या समोरच्या खिडकीखालची जाड पट्टी हा आयएल-२ मधला सर्वात गाजलेला वाद. खऱ्या विमानात जाड चिलखती काचेतून प्रकाश वाकतो आणि पट्टी बारीक दिसते. खेळात ते वक्रीभवन नव्हतं, म्हणून पट्टी जाड दिसायची आणि नेम धरायला आड यायची. यावर लोकांनी भौतिकशास्त्राची समीकरणं मांडली, संग्रहालयांत जाऊन मोजमापं आणली.

किंवा स्पिटफायर या ब्रिटिश विमानाचं मर्लिन इंजिन घ्या. स्पिटफायरचं नाक एकदम खाली दाबलं की सुरुवातीच्या कार्ब्युरेटरमुळे इंजिन खोकायचं. १९४१ मध्ये बिॲट्रिस शिलिंग या अभियंता बाईंनी एक छोटी भोकाची चकती बसवून त्यावर तोडगा काढला. खेळात जुनी स्पिटफायर घेऊन १०९ च्या मागे नाक खाली करून गेलात की तुमचंही इंजिन खोकायचं. अशा वादांतून मी जेवढा इतिहास आणि जेवढं भौतिकशास्त्र शिकलो तेवढं वर्गात शिकलो नाही.

खऱ्या वैमानिकांना हे खेळ आवडायचे का? युद्धाचा असा खेळ करणं बरोबर आहे का?

काहीजण त्यात सामील झाले. पॅसिफिकवरच्या कॉम्बॅट फ्लाइट सिम्युलेटर २ साठी मायक्रोसॉफ्टने जपानचे नामवंत वैमानिक साबुरो साकाई यांचा सल्ला घेतला होता. खेळ बाजारात आला त्याच्या थोडं आधी, सप्टेंबर २००० मध्ये ते वारले.

दुसऱ्या प्रश्नावर माझं म्हणणं सरळ आहे. मी हा खेळ खेळलो नसतो तर अर्जन सिंग १९४४ मध्ये इंफाळच्या आघाडीवर हरिकेन उडवत होते, ही माझ्यासाठी एक ओळ राहिली असती. हरिकेन किती जड आणि संथ आहे, जपानी ऑस्कर विमानासमोर ती कशी उघडी पडते, हे हाताने अनुभवल्यावर त्यांना मिळालेल्या डीएफसी या शौर्यपदकाकडे बघायची नजर बदलली. पुण्याचं लोहगाव हे मुंबईच्या रक्षणासाठी १९३९ मध्ये उभारलेलं ठाणं, हेही मी याच नादाने शोधलं. आमच्यातले बहुतेकजण आजी-आजोबांच्या पिढीतल्या कुणाच्या तरी युद्धापर्यंत असेच पोचले. जर्मन आणि इंग्रज नातू एका जोडीत उडायचे आणि आजोबांबद्दल बोलायचे. खेळात कुणी त्या राजवटींचा उदो-उदो सुरू केला तर त्याला बाहेर काढलं जायचं, आणि ते योग्यच होतं.

माणसं प्रत्यक्ष भेटायची का?

हो. एअर वॉरियरच्या काळापासून वार्षिक मेळावे व्हायचे. लोक विमानाने, गाडीने शेकडो मैल येत. छातीवर टोपणनावाची पट्टी, कारण खरं नाव सांगून कुणालाच काही कळायचं नाही. पहिल्या संध्याकाळी सगळे हातांनी विमानं करून दाखवत असत: हा मी, हा तू, मी असा आलो. वैमानिकांच्या कुठल्याही जेवणात हेच चालतं.

एअर वॉरियर बंद झाला तेव्हा काय झालं?

केस्माई आधीच इलेक्ट्रॉनिक आर्ट्‌सकडे गेली होती. २००१ च्या अखेरीस तो खेळ कायमचा बंद झाला. शेवटच्या रात्री जमलेल्यांपैकी एकाने मला सांगितलं ते असं: कुणी लढलं नाही फारसं. वेगवेगळ्या देशांची विमानं एकत्र रांगेत उडत राहिली, चॅटवर एकमेकांची नावं येत राहिली, आणि मग जोडणी तुटल्याचा संदेश आला. त्यातले बरेचजण एसेस हाय आणि वॉरबर्ड्‌सकडे गेले, तीच नावं आणि तीच स्क्वाड्रनं घेऊन.

सर्व्हर कंपनीच्या ताब्यात असला की एका निर्णयाने गाव उठतं. आयएल-२ चे सर्व्हर खेळाडूंच्या घरात होते, म्हणून तो इतका टिकला.

सोबती वारला तर?

आता हे वारंवार होतं, कारण १९८८ मध्ये चाळिशीत असलेली माणसं आज पंच्याहत्तरी ओलांडून गेली आहेत. खऱ्या हवाई दलांसारखीच मानवंदना देतात. चार विमानं रचनेत येतात, आणि गेलेल्याच्या जागेवरचं विमान एकटं वर चढत निघून जातं. बाकीची तीन तशीच पुढे जातात, मोकळी जागा ठेवून. कधी घरच्यांना त्याचं रेकॉर्डिंग पाठवलं जातं. रात्री खोलीत बसून हा माणूस काय करायचा हे काही कुटुंबांना तेव्हाच पहिल्यांदा नीट समजतं.

आज सुरुवात करायची तर कुठे करू?

आयएल-२ १९४६ आजही स्वस्तात मिळतो आणि साध्या लॅपटॉपवर चालतो. खेळाडूंच्या ‘टीम डायडॅलस’ने पुढची कित्येक वर्षं त्याच्या मोफत सुधारणा केल्या, त्या बसवून घ्या. गर्दी हवी असेल तर नव्या पिढीचा आयएल-२ किंवा डीसीएस आहे. आधुनिक जेट आवडत असेल तर १९९८ च्या फाल्कन ४.० वर चाहत्यांनी उभारलेला फाल्कन बीएमएस बघा, तो तर या सगळ्या चिकाटीचा कळस आहे. जॉयस्टिक साधी चालेल, फक्त मूठ पिळली की रडर (शेपटीचं सुकाणू) फिरेल अशी घ्या. आणि एकटे उडू नका. पहिल्याच आठवड्यात एखाद्या स्क्वाड्रनला विचारा, कुणीतरी तुम्हाला मागच्या बंदुकीवर नक्की बसवेल.

माझ्याकडे जुन्या लढायांच्या फाइल आहेत. त्या उघडतील का?

आयएल-२ ची ऑनलाइन रेकॉर्डिंग ‘एनटीआरके’ प्रकारच्या फाइलमध्ये असतात. त्यात चित्र नसतं, विमानांच्या हालचाली असतात, त्यामुळे ज्या आवृत्तीत केली त्याच आवृत्तीत त्या नीट चालण्याची शक्यता जास्त. नव्या आवृत्तीत त्या बिघडलेल्या दिसू शकतात. म्हणून खेळाच्या दोन-तीन जुन्या आवृत्त्या वेगवेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा. रेकॉर्डिंग चाललं की लगेच पडद्याचा व्हिडिओ करून घ्या, आणि चॅटची ओळ चालू ठेवूनच करा. सोबत्यांची नावं त्या ओळीतच असतात. व्हिडिओच्या नावात त्यांची टोपणनावं जशीच्या तशी, त्याच अक्षरांत लिहा. जुने लोक आजही स्वतःचं आणि जोडीदाराचं टोपणनाव शोधून बघतात, आणि असे व्हिडिओ सापडून पुन्हा संपर्क झाल्याची उदाहरणं मी पाहिली आहेत.